आखूड लिव्हर-ॲक्शन रायफल: १८७३, १८९२ की मार्लिन १८९४?

विंचेस्टरच्या १८७३ आणि १८९२ या मॉडेलांच्या आणि मार्लिनच्या १८९४ च्या बंदुका अमेरिकेतल्या दुकानात शेजारी शेजारी दिसतात आणि तिघींच्याही नळीवर ‘.३५७ मॅग्नम’ हे काडतुसाचं नाव कोरलेलं असू शकतं. म्हणून तिघी सारख्याच मजबूत आहेत असं धरू नका. बार उडाला की बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा भाग, मागे यायला बघतो. त्याला कोण आणि कसं अडवतं, यावर सगळं अवलंबून आहे.

विंचेस्टर १८७३ मध्ये बोल्टच्या मागे गुडघ्यासारखे सांधलेले दुवे असतात. लिव्हर (काडतूस चढवण्यासाठी खालीवर करायचा दांडा) मिटली की ते एका रेषेत येतात आणि बोल्ट थोपवून धरतात. काळ्या दारूच्या काळाला ही रचना पुरेशी होती. १८९२ या मॉडेलमध्ये रचनाकार जॉन ब्राउनिंगने हे बदललं. त्याच्या रचनेत दोन उभ्या पोलादी पट्ट्या बोल्टच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत चढतात आणि बोल्ट रिसीव्हरशी, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्याशी, जखडला जातो. मार्लिन १८९४ मध्ये खालून एकच ठोकळा वर येऊन बोल्ट अडवतो. माझ्या मते ती ९२ इतकी भक्कम नाही, पण .४४ मॅग्नममध्ये ती १९६९ पासून मिळते. वरून बंद असल्याने दुर्बीण बसवायलाही सोपी.

आता आकडे. सामी या अमेरिकी उत्पादक संस्थेची कमाल मर्यादा .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .४५ कोल्टला १४,०००, .३५७ मॅग्नमला ३५,००० आणि .४४ मॅग्नमला ३६,००० आहे. शेवटच्या दोघांत फरक नाहीच, असं वाटेल. पण बोल्टला बसणारा धक्का म्हणजे दाब गुणिले काडतुसाच्या बुडाचं क्षेत्रफळ. बुडाचा बाहेरचा व्यास धरून गणित केलं तर .३५७ चा धक्का सुमारे ३,९५० पौंड येतो आणि .४४ चा ५,९००. मूळ मर्यादेतल्या .४५ कोल्टचा जेमतेम २,५००, पण तेच काडतूस ३०,००० पीएसआयपर्यंत भरलं की ५,४०० च्या घरात जातं. मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी अशी जोरकस .४५ काडतुसं बाजारात मिळतात. ती १८७३ मध्ये कधीही घालू नयेत, प्रतिकृती नवी कोरी असली तरी.

काडतुसं भरण्याचे जुने तक्ते वाचताना एक सांभाळा. पूर्वी तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून दाब काढत आणि तो सीयूपीमध्ये लिहीत. त्या मापात .३५७ ची मर्यादा ४५,००० आणि .४४ ची ४०,०००, म्हणजे पीएसआयच्या उलटा क्रम. दोन्ही आकडे एकाच रकान्यात मिसळून काडतुसं भरणं जिवावर बेतू शकतं.

नळी आखूड, म्हणजे दाब कमी, हा समज मला फार काळजीत टाकतो. दाबाचं टोक गोळी नळीत पहिला इंच-दोन इंच सरकेपर्यंतच येऊन गेलेलं असतं. २० इंची रायफल असो, १६ इंची कारबाइन असो की १२ इंची ‘रँच हँड’ पिस्तूल, चेंबरला (काडतूस बसतं त्या पोकळीला) तेवढंच सोसावं लागतं. आखूड नळीत कमी होतो तो गोळीचा वेग. आवाज आणि ज्वाळा मात्र वाढतात.

रॉसी या ब्राझिली कंपनीने १८९२ ची रचना .४५४ कॅसलमध्येही विकली आहे. त्याची मर्यादा ६५,००० पीएसआय. त्यावरून .४५ कोल्टची रॉसीही तेवढं पेलेल असा तर्क लोक करतात. करू नका. नळीवर जे काडतूस कोरलंय आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत जी मर्यादा दिलीय, तिथेच थांबायचं.

मग घ्यायची कोणती? काउबॉय स्पर्धांसाठी १८७३ घ्या. तिची लिव्हर लोण्यासारखी चालते, आणि सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांत रायफलच्या गोळ्या शिशाच्या आणि सेकंदाला १,४०० फुटांहून कमी वेगाच्याच चालतात. आजच्या पोलादाची .३५७ प्रतिकृती प्रमाणित मॅग्नमसाठीच बनवलेली असते, तरी मी तिला रोज .३८ स्पेशलच देईन. हरणाच्या शिकारीला .४४ आणि दुर्बीण हवी असेल तर मार्लिन. एकच बंदूक घ्यायची असेल तर मी डोळे झाकून .३५७ मधली ९२ सुचवेन: भक्कम कुलूप, त्या मानाने कमी धक्का, आणि सरावाला स्वस्त .३८ चालतं.

एकोणिसाव्या शतकातली अस्सल १८७३ हाती आली तर आधुनिक जोरकस काडतूस तिच्या जवळही नेऊ नका. वापरलेली कुठलीही बंदूक घेतली तर पहिल्या बाराआधी बंदूक-कारागिराकडून गेज लावून हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घ्या. ते जास्त निघालं तर दुरुस्ती होईपर्यंत तिच्यात काडतूस घालू नका.