उकळतं पाणी दाखवून उघडलेलं हेड

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जुन्या डिझेल व्हॅनचं हे बिल. लग्नसराईत वऱ्हाड घेऊन जाताना पांढरकवड्याच्या अलीकडे काटा लालवर गेला, झाकणाखालून वाफ सुटली, आणि चालकाने गाडी कशीबशी जवळच्या गॅरेजला लावली. बिलात पाच नोंदी: हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलपट्टी) व फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), रेडिएटर रॉडिंग (त्याच्या नळ्या सळईने साफ करणं), थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व), कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), ऑइल-फिल्टर. आठवड्याभरात गाडी पुन्हा तापली. दोष रेडिएटरच्या झाकणात होता आणि त्याला कुणी हातही लावला नव्हता. मे महिन्यात विदर्भातल्या कुठल्याही हमरस्त्यावर असं बिल हातात पडू शकतं, म्हणून त्यातली एकेक नोंद उलगडून पाहू.

आधी झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा ठोकलेला असतो, तो बारमधला दाब. बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली किंवा रबर चेपलं की तेच पाणी शंभरावर उकळून रेडिएटरशेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत जातं आणि तिथून रस्त्यावर. झाकणाच्या मधोमध एक छोटी उलटी वॉल्वही असते. ती अडकली तर गाडी थंड झाल्यावर वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) पिचकलेला दिसतो आणि बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये परत येत नाही. झाकण बदलायला दोन मिनिटं लागतात आणि त्यात कुणाची कमाई नाही. खरी गोम तिथेच आहे.

आता हेड. मेकॅनिकने तापलेल्या गाडीचं झाकण फडक्याने उघडून आतले बुडबुडे दाखवले. "भाऊ, हेड गॅस्केट उडालं तुमचं. आता गाडी हालवली तं इंजिन गेलंच समजा." तापलेल्या इंजिनाचा दाब सोडला की पाणी उकळणारच, बुडबुडे येणारच, त्यावरून गॅस्केट गेलं हे कळत नाही. शिवाय असं झाकण उघडण्याने तोंड-हात भाजतात. गॅस्केट तपासायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना. झाकण काढा, पाणी तोंडापर्यंत भरा, गाडी सुरू करा. पहिले थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबायला हवेत. थांबलेच नाहीत आणि रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. दुसरी खूण: झाकण लावून थंड गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाणी अजून गारच असताना, वरचा होज दगडासारखा कडक होतो. तिसरी खूण डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या सळईवर), म्हणजे ऑइल चहासारखं दुधाळ आणि पातळी आपोआप वाढलेली. नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली तर हिवाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ती दमटपणाने येते. त्यावरून हेड खोलू देऊ नका.

खोलावंच लागलं तर जुनं गॅस्केट मागून घ्या. ते खरंच गेलं असेल तर सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत किंवा शेजारच्या सिलिंडरपर्यंत जळाल्याची काळी वाट दिसते. बऱ्याच डिझेल इंजिनांना गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचं येतं. कडेवरच्या खाचा किंवा भोकं मोजून जुन्यासारखंच बसवावं लागतं. हेडवर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून बाक दाखवल्याशिवाय फेसिंगला हो म्हणू नका. डिझेलमध्ये पिस्टन आणि वॉल्वमधली जागा आधीच फार कमी, ती विनाकारण घासून आणखी घटते. आणि कित्येकदा लेथचं बिल लागतं, हेड मात्र पॉलिश पेपरनेच पुसलेलं असतं.

रॉडिंगला दिलेला रेडिएटर तोच परत येतो का, हे फार थोडे लोक बघतात. जुन्या गाड्यांचा कोअर (रेडिएटरमधली नळ्यांची जाळी) तांब्या-पितळेचा असतो आणि भंगारात त्याला चांगला भाव मिळतो. काढायच्या आधी ब्रॅकेटवर पंचने खूण करा आणि फोटो काढा. परत आल्यावर आत बोट फिरवून पाहा. गळती थांबवायला हळद किंवा लीक-स्टॉपची पावडर टाकलेली असेल तर पिवळट गाळ लागतो. त्याने गळती काही दिवस थांबते, पण नळ्या तुंबतात.

"थर्मोस्टॅट" या नोंदीत वॉल्व बदलला नव्हता, काढून फेकला होता. आपल्याकडच्या उन्हात तो लागतच नाही, ही समजूत गावोगाव आहे आणि चुकीची आहे. अनेक इंजिनांत हाच वॉल्व उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर पाण्याचा काही भाग रेडिएटर चुकवून परत इंजिनात फिरतो आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. वॉल्व तपासायला पातेल्यातलं गरम पाणी पुरतं. त्यावर कोरलेल्या अंशांच्या जवळपास, बहुतेकदा ८० ते ८८ दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे.

कूलंट निघालं हिरवं रंगीत पाणी. हे किराणा दुकानाच्या काट्यावर पकडता येतं. एकच बाटली आधी साध्या पाण्याने खुणेपर्यंत भरून वजन करा, मग त्याच खुणेपर्यंत त्या कूलंटने. अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी असेल तर लिटरमागे साधारण ६० ते ७० ग्रॅम जास्त भरतात. वजन सारखंच आलं तर तुम्ही रंग विकत घेतला. चव मात्र घेऊ नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. सांडलेलं गुराढोरांच्या, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेतलंत तर निम्मं डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानातून आणा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी तर अजिबात नको, त्याने कोअर आतून सडतो.

ऑइलमध्ये फसवणूक तीन ठिकाणी होते. बिलात सात लिटर आणि गाडीच्या पुस्तकात फिल्टरसह सहा, हा साधा हिशेब कुणी करत नाही. फिल्टर पुसून तोच परत चढवतात, म्हणून जुन्यावर आधीच नेलपॉलिशची खूण हवी. आणि रिकामे ब्रँडेड डबे भंगारवाल्याकडून घेऊन त्यात गाळलेलं जुनं ऑइल भरतात. डबा तुमच्यासमोर फुटला पाहिजे, झाकणाची कडी आणि खालचा फॉइल अखंड असला पाहिजे, आणि रिकामा डबा सुरीने कापूनच टाकायचा. जुन्या डिझेलला १५ डब्ल्यू ४० (ऑइलचा दाटपणा), सीएच-४ (त्याचा दर्जा) किंवा पुस्तकात असेल तो ग्रेड. नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडलं म्हणून घाबरवणाराही भेटतो. डिझेलमध्ये काजळीने ऑइल काळं होतंच, तो दोष नाही. किल्ली फिरवल्यावर ऑइलचा लाल दिवा लागतो का आणि इंजिन सुरू होताच काही सेकंदांत विझतो का, एवढं बघा. मुळीच लागत नसेल तर त्याची वायर कुणीतरी काढलेली असू शकते.

या प्रकरणात कच्च्या चिठ्ठीवर गाडीचा नंबरही नव्हता, त्यामुळे तक्रार अडली. नंबर, किलोमीटर, प्रत्येक पार्टचं नाव आणि शक्यतो जीएसटी असलेलं बिल घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. गाडी भाड्याने चालवत असाल तर समोरचा "हा व्यापारी वापर" असं म्हणेल. म्हणून स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी गाडी चालवतो, हे वाक्य अर्जात पहिल्याच पानावर लिहा.