चहातली साखर काढून स्वीटनर घातलं: पीसीओएससोबतचे काही महिने

निकाल आधीच सांगते, कारण बहुतेक जणी तेवढंच शोधत असतात. स्वीटनरमुळे माझी पाळी नियमित झाली नाही आणि हनुवटीवरचे केसही कमी झाले नाहीत. पोटात जाणारी साखर मात्र खरोखर घटली, आणि पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असताना तेही थोडं नाही.

या आजारात साखरेचा एवढा बाऊ का, हे आमच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं, बनवायला लावतं. शिवाय यकृतात तयार होणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन त्यामुळे कमी होतं. टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवायचं काम याच प्रथिनाचं, त्यामुळे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मग मुरुम, नको तिथे केस, लांबलेली पाळी. प्रत्येकीला इन्सुलिनला दाद न देण्याचा हा प्रकार, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, असतोच असं नाही, पण माझ्या रिपोर्टमध्ये तो होता.

माझी साखर जात होती चहातून. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे. चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तरी ३० ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते.

आधी सुक्रालोजच्या गोळ्या घेतल्या. साखरेपेक्षा साधारण ६०० पट गोड, त्यामुळे गोळी अगदी चिमुकली. चवीला हीच साखरेच्या सर्वांत जवळची वाटली. अॅस्पार्टेम मी घेतलं नाही, कारण ते उकळलं की त्याची गोडी जाते आणि आपल्याकडे चहा उकळल्याशिवाय होत नाही. कपात वरून टाकणार असाल तर चालेल. बाहेरच्या चहाचा प्रश्न मात्र कुठल्याच गोळीने सुटत नाही. अमृततुल्यात साखर पातेल्यातच पडलेली असते. ऑफिसजवळचे काका ओळखीचे झाले, ते आता साखर टाकण्याआधी माझा कप गाळून ठेवतात. जिथे अशी ओळख नाही तिथे मी कोरी कॉफी घेते.

गोळ्यांऐवजी पुड्या घेणार असाल तर मागचा मजकूर वाचा. शुद्ध सुक्रालोज कपाला कणभर पुरतं, म्हणून पुडी भरायला डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. हे दोन्ही रक्तातली साखर वाढवणारेच पदार्थ. एका पुडीत ते एक ग्रॅमच्या आसपास असतं, त्याने बिघडत नाही, पण दिवसभर पुड्या फोडणारीने ते हिशोबात धरावं.

मग स्टीव्हियाचे थेंब आणले. आल्याच्या किंवा गवती चहाच्या वासात ते खपून जातात. कॉफीत मात्र गोडी उशिरा येते आणि मागे कडवटपणा राहतो.

एरिथ्रिटॉलवर माझा फार भरवसा होता, कारण ते साखरेसारखं चमच्याने मोजता येतं. गोडी साखरेच्या ७० टक्के आणि जिभेला गारवा. पाडव्याला आईने माझ्यासाठी चक्का वेगळा काढून त्यात ते फेटलं. त्या दिवशी श्रीखंड छान झालं होतं. फ्रिजमध्ये ठेवल्यावर सकाळी कचकच लागायला लागलं, कारण गार झालं की एरिथ्रिटॉलचे पुन्हा स्फटिक होतात. पाकाच्या पदार्थांत यातलं काहीच चालत नाही. शिवाय मी इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी मेटफॉर्मिन हे औषध घेते, त्यानेच पोट ढिलं होतं. त्यावर एरिथ्रिटॉलचं श्रीखंड वाटीभर खाल्ल्यावर रात्रभर पोट गुडगुडत होतं. मेटफॉर्मिन नव्याने सुरू झालं असेल तर निदान तेवढे दिवस तरी हे लांब ठेवा. ‘शुगर फ्री’ चॉकलेटमध्ये बहुधा माल्टिटॉल नावाचं स्वीटनर असतं, ते पोटही बिघडवतं आणि रक्तातली साखरही थोडी वाढवतंच. आणि ‘शुगर फ्री’ बिस्किटांचा मैदा तर तसाच असतो.

सासूबाई काळजीने म्हणायच्या, ‘अगं, ती रसायनं कशाला? गूळ घाल.’ गुळात थोडं लोह वगैरे असतं हे खरं, पण तो मुख्यतः साखरच आहे. इन्सुलिनच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. हे त्यांना डॉक्टरांकडूनच ऐकवलं, तेव्हा पटलं.

आता भीतीबद्दल. जुलै २०२३ मध्ये अॅस्पार्टेम ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं गेलं आणि घरच्या ग्रुपवर एकच गहजब झाला. त्याच वेळी रोजची मर्यादा मात्र वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली होती. ७० किलोच्या माणसाने दिवसात डाएट कोल्ड्रिंकचे ९ ते १४ कॅन प्यायले तर ती ओलांडली जाते. मला दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन घटवण्यासाठी स्वीटनरवर विसंबू नका, असं सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी १२० निरोगी लोकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात सॅकरिन आणि सुक्रालोज दोन आठवडे घेतल्यावर काही जणांची रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्याची क्षमता बिघडलेली दिसली, आणि त्याचा संबंध आतड्यातल्या जिवाणूंशी होता. सगळ्यांना नाही, काहींनाच. पण ज्या आजारात गाडं इन्सुलिनवरच अडलेलं आहे, तिथे मला ही गोष्ट झटकून टाकता येत नाही.

माझं फास्टिंग (उपाशीपोटी मोजलेलं) इन्सुलिन या काळात उतरलं. त्याचं श्रेय मी स्वीटनरला देणार नाही. मेटफॉर्मिन चालू होतं, सकाळी तळजाई टेकडीवर चालणं होतं, रात्रीचा भात कमी करून उसळ आणि कोशिंबीर वाढवली होती. गोडाची ओढ तर गोळ्यांनी जराही कमी झाली नाही. चार वाजता काहीतरी गोड हवंच असायचं. दुपारच्या डब्यात उसळ किंवा अंडं नेमाने जायला लागल्यावरच ती सैल झाली.

आता सुक्रालोज पूर्ण बंद केलंय. घरचा चहा अर्धा चमचा साखरेचा, दिवसातून दोनदाच. सवय व्हायला वेळ लागला, पण आता पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो. स्टीव्हियाची बाटली पाहुण्यांकडच्या चहासाठी पर्समध्ये असते. मूल हवं म्हणून उपचार सुरू करायचे आहेत, तेव्हा तीही ठेवायची की नाही, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणार आहे.