कास्ट आयर्न बुलेटचं ऑइल लीक: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

"जुनी बुलेट आहे, गळणारच" हे वाक्य मी आता कुणाकडूनही ऐकून घेत नाही, मेकॅनिक कितीही नावाजलेला असू दे. माझी गाडी ९६ चं मॉडेल, ३५० स्टँडर्ड, कास्ट आयर्न इंजिन, उजवीकडे गिअर, अल्बियनचा चार गिअरचा बॉक्स, आणि आज ही गाडी रात्रभर मेन स्टँडवर उभी राहिली तरी इंजिनखाली एक थेंब पडत नाही. गिअरबॉक्सखाली कधीतरी पडतो, त्यावर शेवटी लिहितो. सगळ्याचा खर्च एका बऱ्यापैकी टायरच्या पैशात बसला आणि त्यातला फरक पाडणारा पार्ट शंभराच्या आतला आहे, राग आहे तो याचाच.

झालं असं की सोसायटीने पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक टाकले आणि माझ्या जागेवर काळा डाग दिसायला लागला. सेक्रेटरी काकांनी आधी तोंडी सांगितलं, मग बोर्डावर नोटीस लावली. त्यांचं बरोबरच होतं, लहान मुलं तिथे सायकल खेळतात. मग गाडी एका मोठ्या गॅरेजला टाकली, नाव घेत नाही, त्यांनी फुल पॅकिंग किट बदललं, लेबर धरून घसघशीत बिल लावलं आणि महिना व्हायच्या आत टॅपेट कव्हरखालून परत ओलं. पुन्हा नेली तर सगळ्या जॉइंटवरून लाल शिलिकॉन फिरवून दिलं. नंतर हेड आणि ब्लॉकच्या मधून उजव्या बाजूला ऑइल फुटलं तेव्हा मात्र काउंटरवरचा माणूस म्हणाला, "गळतंय म्हणजे आत ऑइल आहे, टेन्शन घेऊ नका." पैसे घेताना हे का नाही सांगितलं विचारलं तर उत्तर नाही. बराच वाद झाला, पैसे काही परत मिळाले नाहीत.

तिथून गाडी गेली उद्यमनगरात. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको, बाहेरच्यांसाठी एवढंच की फाउंड्री, लेथ, ग्राइंडर सगळं एकाच भागात मिळतं. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, "ब्रीदर बघितलास का रं?" ब्रीदर म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारा पाइप. मी म्हटलं पॅकिंग नवीन आहेत आबा. ते म्हणाले, "पॅकिंग ऱ्हाऊ दे. हवंला भाईर जायला वाट न्हाई, मग ऑइल वाट काढतंय."

आता हे नीट लिहितो कारण मला वाटतं निम्म्याच्या वर लीक केसेस इथेच आहेत. सिंगल सिलिंडर ३४६ सीसी, ७० एमएमचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० एमएमचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). पिस्टन खाली येतो तेव्हा वर जेवढी जागा मोकळी होते तेवढीच हवा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, दाबली जाते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं. ट्विनमध्ये एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येत असेल तर हिशोब जुळतो, इथे तशी सोय नाही. म्हणून ब्रीदरच्या पाइपच्या टोकाला चपट्या तोंडाची एक रबरी नळी असते, तिला डकबिल म्हणतात. पिस्टन खाली आला की तोंड उघडून हवा बाहेर, वर गेला की तोंड बंद, त्यामुळे आत थोडासा व्हॅक्यूम राहतो. हा व्हॅक्यूमच ऑइलला जॉइंटपासून आत ओढून धरतो! हे रबर कडक झालं, तोंड चिकटलं, किंवा पाइपमध्ये चिखल बसला की आतलं प्रेशर मिळेल तिथून बाहेर येतं आणि सोबत ऑइल आणतं. टॅपेट कव्हर, रॉकर कव्हर, पुश रॉडच्या (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्यांच्या) बाजूचं हेड पॅकिंग, डाव्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील, जिथे कच्चं असेल तिथून. तुम्ही एक जॉइंट पॅक केला की ते दुसरा शोधतं, माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं.

माझं डकबिल काढलं तर लाकडासारखं कडक, तोंड पूर्ण चिकटलेलं. किती वर्षं तसं होतं देव जाणे. फुल किट बदलणाऱ्या गॅरेजने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. तपासायला अक्कल लागत नाही, काढा, पुसा, एका बाजूने तोंडाने फुंका, हवा जायला पाहिजे, ओढा, बंद व्हायला पाहिजे. नवीन लावताना मऊ आहे का बोटाने दाबून बघा, दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलेही मिळतात, माझा पहिला तसाच निघाला आणि परत करायला गेलो तर दुकानदाराने हुज्जत घातली. काही लोक त्याऐवजी पाइपमध्ये कारच्या ब्रेक बूस्टरचा वन वे व्हॉल्व्ह टाकतात, तोही चालतो, फक्त दिशा उलटी लावू नका नाहीतर ब्रीदर बंदच झाला म्हणून समजा.

आणखी एक तपासा. गाडी आयडलवर ठेवून ब्रीदर पाइपच्या तोंडाशी हात धरा. हलके ठोके जाणवले तर ठीक. जोरात फुसफुस येत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर असेल तर रिंगा आणि बोअर गेलेत, कॉम्प्रेशन खाली उतरतंय, मग कुठलंही पॅकिंग आणून लावा, टिकणार नाही. माझा बोअर सुदैवाने बरा होता.

डकबिल बदललं आणि बाकी काहीच न करता गाडी थोडे दिवस चालवली, आबांनीच तसं सांगितलं होतं. हेडचा आणि टॅपेट कव्हरचा लीक जवळजवळ थांबला, नुसतं दमट राहायचं. तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की बाकी सगळं थोतांड आहे, फक्त ब्रीदर बघा. ते मत आता थोडं बदललंय, का ते पुढे येतं.

मग राहिलेले जॉइंट. आधी इंजिन डिझेलने धुतलं, कापडाने कोरडं केलं आणि संशय होता तिथे टाल्कम पावडर मारून एक फेरी मारली. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते ते लीक, थेंब पडतो ते नव्हे. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे नेतो, त्यामुळे रॉकरचा लीक लोक गिअरबॉक्सचा समजतात. या इंजिनात तर तीन ऑइल वेगवेगळी, इंजिनचं, प्रायमरीचं (डावीकडच्या क्लच आणि चेनच्या पेटीतलं), गिअरबॉक्सचं, नंतरच्या यूसीई म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनासारखं एकाच खोक्यात सगळं नाही. म्हणून मी प्रायमरीत लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) टाकतो. काळं पडलं तर इंजिन, लाल पडलं तर प्रायमरी, आणि गिअरबॉक्समधल्या ९० नंबर गिअर ऑइलचा उग्र वास लपत नाही.

रॉकर कव्हर काढली तर कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याच्या खाचा, कुणीतरी घाई केलेली. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून थोडं ऑइल टाकून कव्हर इंग्रजी आठच्या आकारात फिरवलं, आधी फक्त टोकं चमकली, मधला भाग काळाच, म्हणजे कव्हर वाकलेलं. पूर्ण कड एकसारखी चमकेपर्यंत घासलं. हात दुखतात पण पैसे लागत नाहीत. स्टडच्या भोवती अल्युमिनियम वर उचललेलं असतं तेही बघा, आटे ओढले गेले की तोंडाशी उंचवटा येतो आणि पॅकिंग तिथे बसतच नाही, हलक्या हाताने खरवडून सपाट करायचं. रॉकरला ऑइल नेणाऱ्या पाइपची तांब्याची वायसरं गॅसवर लाल करून पाण्यात टाकली, मऊ झाली, परत वापरली. हेड मात्र गाडी तापून थंड झाल्यावर परत टाइट करावं लागतं, समोरासमोरचे नट थोडे थोडे करत. पुश रॉडची भोकं बॅरलमध्येच ओतलेली असल्याने उजव्या बाजूचं हेड पॅकिंग ऑइलसुद्धा अडवतं, ते परत टाइट करायचं काम गॅरेजवाल्यांनी केलंच नव्हतं.

शिलिकॉनबद्दल माझा राग वेगळाच आहे. टायमिंग कव्हर उघडलं तर आत लाल शेवया लोंबत होत्या. हे कव्हर म्हणजे नुसतं झाकण नाही. फिल्टर तिथे, ऑइलचे रस्ते त्याच्या आतून, आणि क्रँकच्या टोकात बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) ऑइल देणारं छोटं सीलसुद्धा तिथेच. एक तुकडा सुटून त्या भोकात बसला असता तर बिग एंड गेला असता आणि मग पूर्ण इंजिन उतरवायचं. जॉइंटच्या बाहेर जेवढं शिलिकॉन दिसतं तेवढंच आतही आलेलं असतं. आबांनी कागदी पॅकिंग दोन्ही बाजूंनी ग्रीसचा बारीक हात देऊन बसवलं, तेही भोकं जुळतात का ते आधी धरून बघून. आजपर्यंत कोरडं आहे.

आता मत बदलल्याचं. उन्हाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला फेऱ्या झाल्या, सगळं कोरडं, मी खूश. पहिल्या पावसात डाव्या बाजूला प्रायमरीखाली पुन्हा थेंब. प्रायमरीचं कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटवर असतं आणि कडेने रबर. गळलं की लोक तो नट आवळतात, जेवढा आवळाल तेवढं कव्हर मध्ये दबतं आणि कडा उचलतात, लीक वाढतो. हे मला माहीत होतं म्हणून नटला हात लावला नाही, नवीन रबर आणलं. पण लेव्हलचा स्क्रू उघडल्यावर भरपूर ऑइल बाहेर आलं, आणि लाल नाही, काळं. म्हणजे इंजिनचं ऑइल क्रँकच्या सीलमधून प्रायमरीत येत होतं. एटीएफ टाकलं नसतं तर हे कळलंच नसतं, मी रबर बदलत बसलो असतो. इतकी वर्षं प्रेशर खाऊन सीलची कड गेलेली, ब्रीदर सुधारला म्हणून ती परत येणार नव्हती. क्लच, प्रायमरी चेन, अल्टरनेटर, स्प्रॉकेट सगळं काढून सील टाकलं, अल्टरनेटरची वायर बाहेर येते तिथलं रबरही टाकलं कारण तिथूनही झिरपतं. तर आता माझं म्हणणं असं: ब्रीदर पहिला, पण बरीच वर्षं बंद असेल तर सील धरून चाला, क्लचला हात लागेल तेव्हा एकदमच करून घ्या, दोनदा लेबर देऊ नका. मला ते दोनदा लागलं ते अजून खुपतंय.

ऑइल लेव्हलचं पण लिहितो, नाहीतर सगळी मेहनत वाया. या इंजिनचा ऑइल टँक क्रँककेसच्याच कास्टिंगमध्ये आहे. गाडी काही दिवस उभी राहिली की पंपातून झिरपून ऑइल टँकमधून क्रँकखाली जातं. सकाळी डिपस्टिक काढली की कमी दिसतं, माणूस टॉप अप करतो, गाडी चालू झाली की रिटर्न पंप खालचं सगळं वर आणतो आणि जादाचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर. मग लीक आहे म्हणून बोंब. गाडी चांगली फिरवून आणा, बंद करून थोडं थांबा, मग स्टँडवर सरळ उभी करून लेव्हल बघा. मी २०डब्ल्यू५० मिनरलच टाकतो. आमच्या एका मित्राने सिंथेटिक टाकलं तर इतकी वर्षं कोरडे असलेले जॉइंट ओले झाले, परत मिनरलवर आला.

पाने मात्र नीट वापरा, या गाडीवर इंची आणि एमएम दोन्ही नट निघतात, जवळपास बसणारा पाना लावून कोपरे गोल केलेले नट माझ्या गाडीवर आधीपासूनच होते, दोन-तीन तर लेथवर करून घ्यावे लागले.

राहिला गिअरबॉक्स. किक शाफ्टच्या ओ रिंगमधून येतं, नवीन ओ रिंग टाकून बघितली पण शाफ्टलाच चर पडलाय. या बॉक्सला पूर्वी पातळ ग्रीस भरायचे, आबांचं म्हणणं ९० नंबरमध्ये ग्रीस मिसळ, गळायचं कमी होईल. मला ते पटलेलं नाही, शाफ्टवर उद्यमनगरात मटेरियल चढवून ग्राइंड करून देतात, दिवाळीच्या आधी ते करून घेणार आहे. तोपर्यंत खाली पुठ्ठा टाकतो, सेक्रेटरी काकांना सांगून ठेवलंय. डकबिल दोन जास्तीची आणून ठेवली आहेत, हवाबंद पिशवीत, आणि ऑइल बदलताना दर वेळी जुनं काढून फुंकून बघतो.