कोलोर की कुन्या? ब्राझीलच्या राजकारणात शिरायचं तर आधी कोणाला वाचावं

घोटाळ्यात अडकलेल्या एखाद्या ब्राझिलियन नेत्याची कारकीर्द प्रकल्पासाठी किंवा कुतूहलापोटी मुळापासून वाचायची असेल, तर माझ्या मते निवड दोघांतच आहे: फर्नांडो कोलोर आणि एदुआर्दो कुन्या.

कोलोर यांचं सगळं उघड्यावर घडलं. अलागोआस या गरीब राज्यातलं, स्वतःचं टीव्ही केंद्र असलेलं घराणं. भरमसाट पगार उचलणाऱ्या सरकारी बाबूंना तिथे 'महाराजा' म्हणत. या महाराजांचा शिकारी म्हणून नाव कमावून कोलोर 1989 मध्ये डावे नेते लुला यांना हरवून चाळिशीत राष्ट्राध्यक्ष झाले. 15 मार्च 1990 ला शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी महागाई आवरायला बँकांतल्या ठेवी गोठवल्या. 50 हजार क्रुझादो नोव्होंवरची (तेव्हाचं चलन) रक्कम दीड वर्ष अडकली. ज्यांनी मतं दिली त्यांच्याच पुंजीवर घाला! 1992 मध्ये सख्ख्या भावाने, पेद्रोने, 'वेजा' साप्ताहिकात प्रचाराचे खजिनदार पी. सी. फारियास यांचे व्यवहार चव्हाट्यावर आणले. चौकशीत हाती लागली एक साधी फियाट एल्बा. कोलोर यांच्यासाठी घेतलेल्या या गाडीचा चेक बनावट नावाच्या खात्यावरचा होता. चेहरे रंगवून तरुण रस्त्यावर उतरले. कनिष्ठ सभागृहात 441 विरुद्ध 38 मतांनी महाभियोग मंजूर झाला. कोलोर यांनी राजीनामा दिला, तरी सिनेटने सरकारी पदांवर यायला आठ वर्षांची बंदी घातलीच. 1994 मध्ये पुराव्याअभावी ते न्यायालयातून सुटले आणि 2006 मध्ये चक्क सिनेटर म्हणून परतले. पुढे पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीतल्या लाचखोरीच्या प्रकरणात 2023 मध्ये 8 वर्षं 10 महिन्यांची शिक्षा लागली, एप्रिल 2025 मध्ये अटक झाली. आजारपणामुळे नंतर नजरकैद.

कुन्या मात्र सभागृहातल्या डावपेचांतून कळतात. रिओच्या सरकारी टेलिफोन कंपनीचं अध्यक्षपद त्यांना कोलोर यांच्याच राजवटीत मिळालं. 2015 मध्ये ते कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. परदेशात आपलं खातं नाही, असं त्यांनी चौकशी समितीला सांगितलं आणि नंतर स्विस खाती बाहेर आली. 2 डिसेंबर 2015 ला तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष डिल्मा रुसेफ यांच्या पक्षाने नीतिमत्ता समितीत त्यांच्या विरोधात जायचं ठरवलं. त्याच दिवशी त्यांनी डिल्मांवरच्या महाभियोगाचा अर्ज दाखल करून घेतला. पुढच्या वर्षी त्यांची खासदारकी गेली, अटकही झाली. मार्च 2017 मध्ये लागलेली 15 वर्षं 4 महिन्यांची शिक्षा मात्र पुढे रद्द झाली. न्यायालयीन गुंतागुंत इथे फार आहे, नवख्याची दमछाक होते.

म्हणून माझी शिफारस कोलोर यांची. लष्करी राजवटीनंतरची पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक, महागाई, टीव्हीची ताकद, न्यायालयं, पेट्रोब्रास असं सगळं त्या एका कारकिर्दीत येतं, शिवाय कुन्यांचा उगमही. तुमचा विषय संसद आणि महाभियोग एवढाच असेल, तर मात्र थेट कुन्या घ्या. सुरुवातीला डिल्मांवरच्या महाभियोगाचं 17 एप्रिल 2016 चं मतदान बघा: देवाचं, बायकोमुलांचं नाव घेत एकेक खासदार मत देतो आणि अध्यक्षांच्या खुर्चीत कुन्या बसलेले असतात.