धावण्याचं अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर: त्या हिरव्या ठिपक्याची कटकट

किलोमीटर, वेग, नकाशा, सगळं ठीक चालतं. बॅटरी खातं, पण ती सगळीच खातात. माझं भांडण आहे ते हिरव्या ठिपक्याशी.

रन जिथे सुरू होतो तिथे हा ठिपका पडतो. मी नेरूळचा. पहाटे पाच-चाळीसला गेटवर बटण दाबायचं, 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' तलावाला फेऱ्या मारून परत. म्हणजे आठवड्याला पाच ठिपके थेट आमच्या वॉचमनच्या केबिनवर.

गणपतीनंतर एका सकाळी गेटवर एक पोरगा उभा. कोचिंगचं पॅकेज विकायला आलेला. "काका, इथे तुमचा स्पीड वाढत नाहीये. गावाला मात्र मस्त पळालात!" याला मी जन्मात पाहिलं नव्हतं. गणपतीत सहा दिवस चिपळूणला होतो, तिथलेही रन टाकले होते आणि प्रोफाइल सगळ्यांना उघडं. घर कुठलं, निघतो कधी, कुलूप कधी, सगळं मीच चार लाइकसाठी वाटत होतो. बायको म्हणाली, "कपाटाची किल्ली कुठे असते तेही टाका."

२०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्याच्या अ‍ॅपच्या हीटमॅपवर (लोक जिथे पळतात तिथे उजळणारा नकाशा) अफगाणिस्तान-सीरियातले लष्करी तळ जवानांच्या धावण्यामुळे दिसत असल्याची बातमी आली, तेव्हा मी हसलो होतो. सैनिकांना एवढं कळू नये? माझं अ‍ॅप वेगळं, बरंच लहान. अक्कल तीच.

मग सेटिंगच्या तळाशी 'घर लपवा' सापडलं. घराभोवती २०० मीटरचं वर्तुळ, त्याच्या आत रेघ दिसत नाही. आणि फुकट! लगेच तीनचे चार स्टार केले.

चार दिवस टिकलं. दहावीतली भाची आली होती. तिने नकाशाची प्रिंट घेतली, कंपासपेटी उघडली. रेघ एकदा पाम बीच रोडच्या बाजूला तुटलेली, एकदा स्टेशनकडे, एकदा बाजाराकडे. तिन्ही टोकं जोडली, दोन लंबदुभाजक काढले. "मामा, परिकेंद्र. म्हणजे तुमच्या वर्तुळाचा मध्य." कंपासचं टोक आमच्या बिल्डिंगवर. तीही सी विंगच्या बाजूला.

परत तीन स्टार.

वर ही सेटिंग जुन्या रनना लागू होत नाही. एकेक उघडून 'फक्त मी' करायचं. माझे १४३ होते. नेरूळ ते सीएसएमटी एका खेपेत वीसेक उरकतात. कंपनीला मेल केला तर 'आपला अभिप्राय मोलाचा आहे'. मोल कुणाला, ते लिहिलेलं नाही.

काढून का टाकत नाही? वर्षाचे १,४९९ भरलेत, चार महिने शिल्लक आहेत. ते वसूल होईपर्यंत प्रोफाइल बंद, गावचे रन टाकणं बंद, आणि बटण दूधकेंद्रापाशी पोचल्यावर दाबायचं. ते घरापासून चांगलं अर्धा किलोमीटर. एवढं अंतर रोज फुकट जातं, याचा त्रास मात्र होतो.

ग्रुपवर एकाने विचारलंच, काका, हल्ली दूधकेंद्रापासून का? म्हटलं, पिशवी ठेवून जातो.