कॅप राउंडआधीचं ‘सीट बुकिंग’ आणि अडकलेली फी

सीईटीचा निकाल लागलेला असतो, कॅपची, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, पहिली फेरी अजून लांब असते. खासगी विद्यापीठांच्या समुपदेशकांचे फोन नेमके याच दिवसांत येतात: ‘दोनच जागा उरल्यात, आज पंचवीस हजार भरून ठेवा.’ पालक घाबरून पैसे भरतात आणि ‘पडताळणीसाठी’ मूळ एलसी, गुणपत्रिकाही देऊन येतात. पुढे कॅपमध्ये चांगलं कॉलेज लागतं. मग सांगितलं जातं की बुकिंगची रक्कम परत मिळत नाही आणि पूर्ण वर्षाची फी भरल्याशिवाय कागद मिळणार नाहीत. कॅपमध्ये मिळालेल्या कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस असतात, त्यामुळे या अडवणुकीत हातची जागा जाऊ शकते.

दोन्ही गोष्टी नियमबाह्य आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे मूळ प्रमाणपत्रं पडताळून परत करायची असतात, ठेवून घेता येत नाहीत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. प्रक्रिया खर्चापोटी कपात फार तर ५ टक्के, तीही जास्तीत जास्त ५,००० रुपये. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काहीच नाही. शिवाय २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात असं ठरवलं होतं. आपल्या वर्षाचं पत्रक आधी शोधा.

खरी गोम पावतीत असते. पैसे विद्यापीठाऐवजी एखाद्या सल्लागार कंपनीच्या खात्यात गेले, किंवा पावतीवर फीऐवजी ‘नोंदणी शुल्क’ लिहिलं, की विद्यापीठ हात झटकतं. पावती विद्यापीठाच्या नावाची नसेल तर रुपयाही भरू नका.

दुसरं आमिष तर फार क्रूर आहे: ‘मुलींची फी सरकार भरतं.’ मुलींच्या फीमाफीच्या ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं स्पष्टपणे वगळलेली आहेत. त्यामुळे या भरवशावर प्रवेश घेतलेल्या मुलीच्या घरी वर्षअखेरीस पूर्ण फीची मागणी येते.

प्रवेश रद्द करायचा तर फोनवर बोलून थांबू नका, कारण ‘साहेब सुट्टीवर आहेत’ म्हणत तारखा टळू दिल्या जातात. रद्द करत असल्याचा ईमेल त्याच दिवशी पाठवा, अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. माहितीपत्रक आणि अंतिम तारखेचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. अर्जानंतर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर आधी विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा. समितीला १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. २०२३च्या यूजीसी विनियमांनुसार लोकपाल नेमणं खासगी विद्यापीठांनाही बंधनकारक आहे. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक विद्यापीठाला पाठवलेल्या पुढच्या प्रत्येक ईमेलमध्ये लिहा.