चोडणचा पाणकावळा की मोरजीचा सुरय?

गोव्यात एकच सकाळ मोकळी आहे आणि पाण्यात बुडी मारून मासे धरणारा पक्षी नीट बघायचाय, तर निवड या दोघांतून करा: मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचा पाणकावळा (कॉर्मोरंट) किंवा मोरजीच्या किनाऱ्यावरचा सुरय (टर्न). त्यांची रीत मात्र अगदी निराळी.

पाणकावळा पोहता पोहता बुडतो. पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली. त्यांच्या रेट्याने तो पाण्याखाली माशाचा पाठलाग करतो. पिसांचा बाहेरचा भाग भिजतो, त्यामुळे अंग कमी तरंगतं आणि बुडणं सोपं जातं. म्हणूनच नंतर खारफुटीवर पंख पसरून तो बराच वेळ वाळत बसतो. ओळख पटवायची ती तेव्हाच. लहान पाणकावळा साधारण ५० सेंटीमीटर, आखूड चोचीचा. भारतीय पाणकावळा त्याहून मोठा, चोच लांब आणि बारीक, टोकाशी आकडा. त्याचे डोळे बघाच! दुर्बिणीतून ते निळे-हिरवे दिसतात आणि हा पक्षी नुसता काळा वाटेनासा होतो.

सुरय सूर मारतो तो हवेतून. मोरजीला, शापोरा नदीच्या मुखाशी, मोठा तुरेवाला सुरय चोच खाली रोखून लाटांवर फिरत असतो. करडी पाठ, पिवळी चोच, डोक्यामागे काळा तुरा. मासा दिसला की थेट खाली. फार खोल जात नाही, लगेच वर येतो. ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावर थवा विसावतो. त्यात नारिंगी चोचीचा दिसला, तर तो लहान तुरेवाला.

देखणेपणात सुरय वरचढ, हे मान्य. तरी पहिल्यांदाच बघणाऱ्याला मी चोडणलाच पाठवेन, कारण पाणकावळा बुडीनंतरही समोर राहतो. शिवाय तो बारा महिने भेटतो. सुरयांसाठी हिवाळाच गाठावा लागतो.

चोडणला रायबंदरहून फेरीबोटीने जा. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं, १९८८ साली जाहीर झालेलं. खारफुटीतल्या अरुंद वाटांत होडी शिरायला भरती लागते, तेव्हा निघण्याआधी भरतीची वेळ बघा. मोरजीला ओहोटी साधा, पण थव्यावर चालून जाऊ नका. दमलेले पक्षी उगाच उडतात. हिवाळ्यातच तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यांच्या कुंपणापासूनही लांब राहा.